स्वातीच्या रुमालातला कागद

स्वातीच्या रुमालातला तो कागद मी ठेवला होता. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि ज्यांच्यापुढे उच्चारायला हवं होतं त्यांच्यापुढे तर नाहीच.

कसला कागद आणि कसला रुमाल, हे ठाऊक नसलेल्याला यात काही कबूल केल्यासारखं वाटणार नाही. म्हणून आधी आबांबद्दल सांगतो. आबांबद्दल सांगायला मला आवडतं. इतकी वर्षं मी त्यांच्या गमती सांगून माणसांना हसवत आलो, आणि गोष्ट जिथे वळते तिथे दर वेळी चहा मागवत आलो. आज चहा मागवणार नाही.

निजामाचं राज्य होतं आणि जगात दुसरी लढाई चालू होती. परभणीच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. वर्गात शिकवायचं उर्दूत, घरी बोलायचं मराठीत आणि मोठं होण्याचे मनोरे रचायचे इंग्रजीत, असं ते वय. राहायला खोली मिळाली आबांच्या घरात. खोली दाखवायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमाला विडीची सवय हाय का?"

"नाही."

"उदबत्ती लावता?"

"कधीतरी."

"लावू नका. देवाला सांगा, या घरात कागद राहतेत."

खरोखरच त्या घरात कागद राहत होते आणि माणसं त्यांच्या सोयीने वावरत होती. माणसं दोनच: आबा आणि त्यांची धाकटी विधवा बहीण, आक्का. आबा मूळचे बोरीच्या शेतकरी घरातले. पुण्याला जाऊन शेतकीची पदवी घेऊन आलेले, सरकारी फार्मवर काही वर्षं नोकरी केलेले. नोकरी सोडली त्याचं कारण ते मोठ्या गांभीर्याने सांगत. वरच्या साहेबाने त्यांना सगळे अहवाल नंबर घालून फायलीत लावायला सांगितले होते. "नंबर पडला की कागद मेला, मास्तर. मग त्येला कुणी हाक मारीत न्हाई." त्या दिवशीच राजीनामा. गावाकडची जमीन वाट्याने लावलेली होती, परभणीजवळ थोडं स्वतःचं शेत होतं, त्यावर घर चाले. आणि आबा कागद जमवत.

कागद म्हणजे शेतीवरचे शोधनिबंध. कापसाची अळी, जोंधळ्याची काणी, काळ्या जमिनीतलं पाणी, गुरांचे रोग, गवताची बियाणी, असं काहीही. कुठल्या देशात कुणी काय छापलं ते आबा जुन्या नियतकालिकांच्या शेवटच्या पानांवरून शोधून काढत आणि त्या माणसाला पोस्टकार्ड टाकत. साधं पोस्टकार्ड. त्यात लिहीत, की मी हैदराबाद संस्थानातला एक शेतकरी आहे, आपण लिहिलेलं मला वाचायचं आहे. आणि आश्चर्य म्हणजे लोक पाठवत. अमेरिकेतून, आफ्रिकेतून, ऑस्ट्रेलियातून पाकिटं येत. पोस्टमन लांबूनच ओरडे, "आबा, तुमचे पाव्हणे आलेत!"

लढाई सुरू झाल्यावर जर्मनीचं एक जुनं अडकलेलं पाकीट फिरत फिरत आलं आणि त्याच्या पाठोपाठ पोलिसांचा जमादार आला. जर्मनीशी काय संबंध, म्हणाला. आबांनी त्याला पाटावर बसवलं, पाकीट उघडलं आणि बोंडअळी कापसाच्या बोंडात कशी शिरते, काय खाते, कोषात कशी झोपते ते सांगायला सुरुवात केली. आक्कांनी मध्ये दोनदा पाणी दिलं. शेवटी जमादार उठला आणि हात जोडून म्हणाला, "आबासाब, अल्लाह के वास्ते बस करो. मैं लिख देता हूँ, आदमी बेज़रर है." सरकारदप्तरी आबा निरुपद्रवी ठरले. नंतर तो रस्त्यात आबा दिसले की गल्ली बदलत असे.

आता रुमाल. आमच्याकडे कचेरीतले कागद कापडात बांधून ठेवायची रीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आबांच्या मधल्या खोलीत तिन्ही भिंतींना खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक रुमाल, वाळवी आणि उंदीर यांच्यापासून अधांतरी. आत कडुलिंबाचा वाळला पाला. कापड प्रत्येकाचं वेगळं: कुठे आक्कांच्या जुन्या लुगड्याचं, कुठे धोतराचं, कुठे पटक्याचं. आणि नावं? विषयांची नाहीत, लेखकांची नाहीत. नक्षत्रांची. दारापाशी रोहिणी, मग मृग, आर्द्रा, असं देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं भिंतीभिंतीने जात शेवटी स्वाती.

कागद कशाबद्दल आहे हा प्रश्नच आबांना मान्य नव्हता. कागद कुणाला कधी लागेल, हा प्रश्न. पेरणीच्या तोंडावर ज्याची गरज पडेल तो मृगात, मग तो बियाणाचा असो की बैलाच्या खुराचा. ज्वारीची कणसं निसवायच्या वेळी लागेल तो उत्तरात. नवीन कागद आला की आबा तो वाचत, मग हातात घेऊन दारात उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचा सारांश सांगून विचारत, "हे तुमाला कधी लागंल?" दूध घालणारी, फार्मवरचे गडी, ताडकळसच्या बाजाराला निघालेले शेतकरी, कुणीही. लोक डोकं खाजवून उत्तर देत आणि आबा ते मानत. एखाद्या कागदाचं नक्षत्र ठरायला आठवडा लागे.

"या घरात माणसाला खुंटी न्हाई, कागदाला हाय," आक्का म्हणत. "माझं लुगडं वाळत घालायला जागा न्हाई, आन् रोहिणी, मृग बघा कसे झोके घ्यायलेत."

"आक्के, तुझं लुगडंच झोके घेतंय. पुनर्वसूला गुंडाळलंय."

"म्हंजे त्ये बी नेलं!"

कधीच कुणाला लागणार नाही अशा कागदांसाठी एक रुमाल होता, अभिजितचा. अभिजित हे नक्षत्र आकाशात आहे, पण मोजणीत धरत नाहीत. म्हणून त्याची खुंटी वेगळी, स्वयंपाकघराच्या दारावर. त्या रुमालात माझाही एक लेख गेला.

एका मासिकात माझा पावसाच्या शास्त्रावरचा निबंध छापून आला होता. पहिलाच. मी तो आबांना दिला, आणि खरं सांगायचं तर पाया पडून घ्यायच्या तयारीने दिला. आबांनी तो दोनदा वाचला. मग दारात जाऊन दूधवाल्या बाईला त्याचा सारांश सांगितला आणि विचारलं, "हे तुला कधी लागंल?"

"आता द्या की," ती म्हणाली. "चूल पेटंना झालीय."

मला हसू आलं नाही. आबांनी लेख अभिजितमध्ये ठेवला आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "अभिजित म्हंजे उकिरडा न्हाई, मास्तर. माझे लय आवडते कागद तितं हायेत." त्यांनी ते मनापासून म्हटलं असणार. मला ते समजूत घातल्यासारखं वाटलं, आणि तेव्हापासून त्या नक्षत्रांच्या रुमालांकडे बघताना माझ्या ओठांवर किंचित हसू येऊ लागलं. ते हसू कुणाला दिसत नव्हतं. मला जाणवत होतं.

आबा कागदांवर काही लिहीत नसत. खूण नाही, यादी नाही. मी यादी करू का विचारलं तर म्हणाले, "काय लिवलंय ते कागदानं ध्यानात ठेवायचं. कुठं ठेवलंय ते मी. दोघांनी आपापलं काम करायचं." निबंधात काय आहे ते खरंच त्यांना पाठ नसे. पण कुठला कागद कुठल्या रुमालात, कुणाच्या खाली, हे सगळं तोंडावर. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की ते अंगणात बसत आणि म्हणत, "विचारा, मास्तर."

"पुष्यात वरून पहिला?"

"गवताच्या बियाणाचा. कोपरा उंदरानं खाल्लेला."

"आर्द्रात मधला?"

"तिथं दोन एकाला एक चिकटलेत. पावसाचं पाणी पडलं व्हतं. वरचा खताचा."

मी आत जाऊन बघे. चूक कधी निघाली नाही. मला ती करमणूक वाटे. एकदा मी म्हटलं, "आबा, हा सर्कशीचा खेळ झाला." तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचे वडील उतारवयात सगळं विसरू लागले होते. बोरीच्या स्वतःच्या विहिरीवर उभं राहून, ही विहीर कुणाची, म्हणून विचारत. एकदा आबा पुण्याहून सुटीवर आले, तर वडिलांनी उठून त्यांना बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, "पाव्हणे कोण्या गावचे?" आबा हे हसत सांगत होते, पण हातातल्या सुपारीचे तुकडे त्यांनी इतके बारीक केले की शेवटी भुकटी राहिली. "आजोबाचं बी तसंच झालं व्हतं म्हणतात. आमच्या घरात हे उतरतंय, मास्तर. म्हणून रोज सकाळी मी बघून घेतो, सगळे जागेवर हायेत का. मला दुसरं कशाचं भ्या न्हाई."

त्यानंतर मी रोज सकाळी न चुकता विचारत असे. ती दोन-अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. कडुलिंबाचा वास, आक्कांची भाकर थापण्याची टपटप, आणि आबांचा आवाज: आश्लेषात हे, मघात ते. अजून कधी कडुलिंबाखालून गेलो की तो आवाज येतो.

तिसऱ्या साली श्रावणात पावसाने दडी मारली. जोंधळा गुडघ्याएवढा होऊन थांबला. फार्मची पाहणी करायला हैदराबादहून शेतकी खात्याचे एक बडे साहेब यायचे होते. परभणीत एका माणसाकडे जगभरचे निबंध आहेत, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आबांना निरोप आला. आबा म्हणाले, "मी काय मोर हाय, साहेबाला पिसारा दाखवायला?" आणि आक्कांना घेऊन पोखर्णीला भाचीच्या सासरी निघून गेले. घराची किल्ली माझ्याकडे.

मी हेडमास्तरांमार्फत साहेबांना निमंत्रण दिलं. का? साहेबांच्या हातात हैदराबादच्या खात्यातल्या जागा होत्या. आणि आबांची किंमत बड्या माणसाला कळावी, असंही मला वाटत होतं. दोन्ही खरं होतं. फक्त साहेब त्या नक्षत्रांना हसतील, आणि त्या हसण्यात मीही सापडेन, याची मला धास्ती वाटली. म्हणून साहेब यायच्या आदल्या दिवशी मी आश्लेषा, मघा, पूर्वा आणि स्वाती, हे सगळ्यांत जाड चार रुमाल सोडले आणि आतले कागद विषयवार लावून टेबलावर मांडले. धान्य, कीड, जमीन, जनावरं. प्रत्येक थराला पांढऱ्या कागदाची पट्टी. दिसायला फार सुंदर दिसत होतं.

साहेब आले, चष्मा लावून प्रत्येक थर चाळला आणि म्हणाले, "भई वाह! इसे कहते हैं सलीक़ा. किसने जमाया?"

"मी," मी म्हणालो. उर्दूत म्हणालो. अदबीने म्हणालो.

मग त्यांची नजर भिंतीवरच्या खुंट्यांकडे गेली. "और ये गठरियाँ?"

"जुने कपडे असतील," मी म्हणालो.

जाताना त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

आबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचे होते, आणि साहेब घरी येऊन गेले हे मी त्यांना सांगणार नव्हतो. दिवसभर बसून मी कागद परत रुमालांत भरत होतो. कुठला कागद कुठल्या रुमालातला, हे मला रोजच्या प्रश्नोत्तरांमुळे बरंचसं ठाऊक होतं. जिथे ठाऊक नव्हतं तिथे मी विचार केला. शिकलेला माणूस करतो तसा विचार. एका अमेरिकन निबंधाच्या नावात मेंढी होती आणि ज्वारी होती. मेंढीचं काम कधी? आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर लोकर कातरतात. म्हणजे स्वाती. मी तो स्वातीच्या रुमालात ठेवला, गाठ मारली आणि मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली, की आबांची पद्धत आता मलाही जमते.

चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, म्हाळू धावत आला. म्हाळू धनगर. दर वर्षी तो आबांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवी. आबांची त्याच्याशी जुनी मैत्री होती. पायांत वहाण नव्हती, खांद्यावरची घोंगडी वाटेतच कुठेतरी पडली होती.

"आबा, मेंढरं पडायलीत! जुंधळ्यात घुसली. किरळ लागली, आबा!"

पाण्यावाचून सुकत चाललेल्या कोवळ्या जोंधळ्यात विष उतरतं. जनावराने तो खाल्ला की फुगतं, थरथरतं आणि बघता बघता आडवं होतं. त्याला आमच्याकडे किरळ लागणं म्हणतात. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दौऱ्यावर होते. म्हाळू तिकडे जाऊनच आला होता.

आबा घाबरले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला, असं म्हटलं तर चालेल. इतकी वर्षं ज्यासाठी कागद सांभाळले तो क्षण आला होता. "घाबरू नगंस. हाय आपल्याकडं. पाऊस दडी मारतो तवा लागतंय म्हणून मघात ठेवलाय. बोंडअळीच्या खाली."

त्यांनी मघा उतरवला. गाठ सोडली. बोंडअळीचा कागद उचलला. खाली नांगरटीचा होता.

सगळे कागद त्यांनी एक एक करून उलटले. पुन्हा नीट रचून पुन्हा उलटले.

"साधी वस्तू हाय रे," ते म्हाळूला म्हणत होते. "परभणीत मिळती. वाचताना मी हसलो व्हतो, हे तर आपल्या गावात हाय म्हणून."

"कोणती, आबा?"

"ते कागदात हाय."

"कागद ऱ्हाऊ द्या, आबा. ताक द्या, गूळ द्या, काय बी द्या." आक्का तोवर ताकाची कासंडी आणि गुळाची ढेप घेऊन बाहेर आल्याही होत्या.

कुठला कागद ते मला तेव्हा समजलं. मी म्हणालो, "आबा, दुसऱ्या रुमालात बघू या का?"

"दुसऱ्यात कसा असंल? मी ठेवलाय न्हवं इथं?" मग त्यांनी वर पाहिलं. "मास्तर, तुमी हात लावला व्हता का ह्येला?"

"नाही," मी म्हणालो.

प्रश्न साधा होता, संशय नव्हता त्यात. आणि एकदा नाही म्हटल्यावर स्वातीचं नाव घेणं मला अशक्य होऊन बसलं. ते नाव तोंडातून आलं असतं तर कसं कळलं, हे सांगावं लागलं असतं. म्हाळू ताक घेऊन पळाला. आबा अनवाणी त्याच्यामागे. मी दोघांच्या मागे.

शेताच्या बांधावर मेंढ्या पडल्या होत्या. काही ताकागुळाने म्हणा, कमी खाल्लं होतं म्हणून म्हणा, उठल्या. बऱ्याच उठल्या नाहीत. म्हाळूची बायको एका मेलेल्या मेंढीच्या कोकराला मांडीवर घेऊन बसली होती. आबा तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुमी काय करणार, आबा," म्हाळूच त्यांना म्हणाला. "जनावर हाय. जातंय."

"म्हाळू, इथून पुढं मला काही विचारत जाऊ नगंस," आबा म्हणाले.

कागद सापडला असता तर मेंढ्या वाचल्या असत्या का, मला सांगता येणार नाही. किरळ फार वेळ देत नाही. मी स्वतःची समजूत घालण्यासाठी पुढे बरीच पुस्तकं चाळली आणि त्यांतून मला हवं ते उत्तर कधी मिळालं नाही. पण मेंढ्यांपाशी ही गोष्ट संपली असती तर मी आज लिहायला बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात बसले, पण "विचारा" म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

दिवाळी झाली. म्हाळू आला, उरलेल्या मेंढ्यांची कातरणी होती. लोकरीला कीड लागली होती, पण आबांना काही विचारायचं नाही म्हणून तो नुसताच बसून राहिला. आबांनाच राहवलं नाही. त्यांनी स्वातीचा रुमाल सोडला, आणि वरच तो कागद होता.

आबांनी उभ्याउभ्या तो वाचला. "हायपो," ते म्हणाले. "मास्तर, फोटोवाल्याचा हायपो. पाण्यात कालवून द्यायचा." हायपो म्हणजे फोटो धुवायचे खडे. स्टेशनच्या रस्त्यावर एक फोटोवाला होता, त्याच्या दुकानावरून आम्ही रोज जात असू. आबा थोडं हसले. मग खाली बसले.

"मीच ठेवला म्हणायचा. मेंढी दिसली आन् कातरणीत टाकला. एखादा नवशिका टाकंल तसा." त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "ठेवल्याचं बी आठवंना. सुरू झालं, मास्तर."

म्हाळू समोर होता, आक्का दारात होत्या. मी एक वाक्य बोललो असतो तर त्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असता. मी बोललो नाही. हैदराबादचं नेमणुकीचं पत्र माझ्या ट्रंकेत येऊन पडलं होतं. पण नोकरी जाईल अशी भीती नव्हती. आबा रागावतील अशीही नव्हती. खरं कळल्यावर त्यांनी मला हाताने उचलून अभिजितमध्ये ठेवलं असतं, कायमचं, आणि तेही न रागावता. ते मला नको होतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, आबा."

त्यानंतर ते रुमालांत शोधत राहिले. माझ्या हातून इकडचे तिकडे झालेले आणखी दोन-तीन कागद त्यांना सापडले. प्रत्येक सापडला की मान हलवत, वैद्याने नाडी बघून हलवावी तशी. मग त्यांनी रुमाल वाटायला काढले. डोकं पुरतं जायच्या आत ज्याचं त्याला पोचलेलं बरं, म्हणाले. रोहिणी, मृग फार्मवर गेले. उत्तरा, हस्त ताडकळसच्या एका शेतकऱ्याने नेले. कुणी काय, कुणी काय. एकेक खुंटी मोकळी होत गेली आणि आक्का त्यांवर काहीच वाळत घालेनात.

मी हैदराबादला निघालो त्या दिवशी आबांनी मघा माझ्या हातात ठेवला. तो कागद त्यात परत घातलेला होता, बोंडअळीच्या खाली. "हा तुमी ठेवा, मास्तर. तुमचं डोकं शाबूत हाय. मला तुमच्यावर भरवसा हाय."

मी रुमाल घेतला. पाया पडलो. टांगा निघाला.

पुढे रझाकारांची धामधूम झाली, राज्य बदललं. आबा त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेले. मला उशिरा कळलं. वातावरण निवळल्यावर मी बोरीला आक्कांना भेटायला गेलो. त्या भावकीत राहत होत्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, चहा ठेवला.

"शेवटी डोकं गेलं व्हतं बगा तुमच्या आबाचं," त्या म्हणाल्या. "आमच्या बापावानी."

"काय करायचे?"

"सकाळी उठून भिंतीकडं बघायचे आन् म्हणायचे, पुष्यात वरून पहिला गवताच्या बियाणाचा, कोपरा उंदरानं खाल्लेला. आर्द्रात दोन चिकटलेत, वरचा खताचा. खुंट्या तर रिकाम्या! आन् मला विचारायचे, आक्के, बरोबर हाय का गं? मला काय कळतंय? मी म्हणायची, हाय बरोबर. तर म्हणायचे, तू आपली माझ्या समाधानाला म्हणायलीस."

बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. ते ताडून बघणारा एकच माणूस जगात होता, आणि तो हैदराबादला पंख्याखाली बसून दुसऱ्यांचे कागद सलीक्याने लावत होता.

तेव्हाही मी बोललो नाही. चहा घेतला आणि उठलो.

मघाचा रुमाल माझ्या कपाटात आहे. दर वर्षी मी त्यात कडुलिंबाचा पाला बदलतो. आक्का अजून बोरीत आहेत, थकल्या आहेत, ऐकू नीट येतं. भावाची गोष्ट निघाली की अजूनही म्हणतात, शेवटी डोकं गेलं होतं. ते गेलं नव्हतं. तो कागद मी ठेवला होता. एवढं वाक्य आबांना द्यायचं राहून गेलं. आता ते मी आक्कांचं देणं लागतो.